अंत्यविधि-निदर्शने

अंत्यविधि-निदर्शने : मृत व्यक्तीच्या अंत्यविधीच्या वेळी, अंत्यविधीच्या स्थानाजवळ किंवा अंत्ययात्रेच्या मार्गावर उभे राहून मृताचा, त्याच्या कुटुंबियांचा, त्याच्या समाजाचा वा राष्ट्राचा धिक्कार करण्यासाठी केलेली निदर्शने. अशा निदर्शनांचे पद्धतशीर व दीर्घकाळ चाललेले उदाहरण म्हणजे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील कॅनझस राज्याच्या टोपीका या राजधानीत असलेल्या वेस्टबरो बॅप्टिस्ट चर्च या छोट्या पंथाने १९९१ नंतर चालविलेली मोहीम होय. या मोहिमेमुळे शोक करणाऱ्यांचा एकांताचा हक्क आणि अप्रिय मत मांडणाऱ्यांचे भाषणस्वातंत्र्य यांतील विरोध तीव्रतेने पुढे आला. त्यातून अनेक राज्यांत कायदे झाले, सर्वोच्च न्यायालयाचा एक महत्त्वाचा निर्णय लागला आणि सामान्य नागरिकांनी शांततामय प्रतिकाराच्या काही नव्या रीती शोधून काढल्या.

संप, बहिष्कार वा दुकानांपुढील पिकेटिंग यांपेक्षा हा प्रकार स्वरूपतः वेगळा आहे. पिकेटिंगचा हेतू सामान्यतः समोरच्या व्यक्तीला एखाद्या कृतीपासून परावृत्त करण्याचा असतो. अंत्यविधीच्या वेळी मात्र मृत व्यक्ती काही ऐकू शकत नाही आणि तिचे नातेवाईक तेथून निघूनही जाऊ शकत नाहीत. निदर्शकांचा खरा श्रोता बाहेरचा समाज असतो. त्याचे लक्ष वेधण्याचे साधन म्हणून शोकाकुल कुटुंबाचा उपयोग केला जातो. या प्रकाराविषयी लोकांना वाटणाऱ्या तीव्र घृणेचे मूळ यात आहे.

पूर्वपीठिका : मृताला योग्य निरोप मिळावा, ही जवळजवळ सर्व समाजांत आढळणारी धारणा आहे. सोफोक्लीझच्या अँटिगनी या ग्रीक शोकांतिकेचा सारा संघर्ष भावाच्या दफनाच्या हक्काभोवती उभा आहे. ही धारणा इतकी प्रबळ असल्यामुळेच मृताची विटंबना हे धार्मिक शिक्षेचे एक प्रभावी साधन ठरले. इंग्लंडमधील धर्मसुधारक जॉन विक्लिफ १३८४ मध्ये मरण पावला. त्यास पाखंडी ठरविल्यानंतर त्याच्या अस्थी उकरून काढून १४२८ मध्ये जाळण्यात आल्या व राख नदीत टाकण्यात आली. गोव्यात याच प्रकारचे एक उदाहरण घडले. भारतीय औषधी वनस्पतींवरील ग्रंथामुळे प्रसिद्धी पावलेला पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ऑर्ता हा १५६८ मध्ये गोव्यात निधन पावला. तो गुप्तपणे ज्यू धर्म पाळीत असे, असा ठपका ठेवून तेथील धर्मन्यायपीठाने (इन्क्विझिशनने) १५८० मध्ये त्याचे अवशेष उकरून जाळविले.

दफन नाकारणे हा या शिक्षेचा दुसरा प्रकार. फ्रान्समध्ये १७७८ मध्ये व्हॉल्तेअरच्या मृत्यूनंतर पॅरिसच्या धर्माधिकाऱ्यांनी त्याचे ख्रिस्ती दफन होऊ देण्यास नकार दिला. तेव्हा त्याचे शव गुपचूप शँपेन प्रदेशातील एका मठात नेऊन पुरावे लागले. पुढे १७९१ मध्ये क्रांतिकारक शासनाने त्याचे अवशेष समारंभपूर्वक पॅरिसमधील पाँथेऑनमध्ये आणले. इंग्लंडमध्ये गावच्या चर्चच्या आवारात अँग्लिकन विधीशिवाय दफन करण्याची मुभा इतर पंथीयांना मिळण्यास १८८० चा कायदा व्हावा लागला. महाराष्ट्रात प्रत्यक्ष मृत्यू घडलेला नसतानाही अंत्यविधीच्या प्रतीकाचा वापर धिक्कारासाठी झाला. समाजसुधारक गोपाळ गणेश आगरकर (१८५६–९५) हयात असतानाच पुण्यातील सनातन्यांनी त्यांची प्रेतयात्रा काढली होती.

या सर्व उदाहरणांत शिक्षा देणाऱ्याच्या हाती धर्मसत्तेचे वा बहुसंख्य समाजाचे बळ होते. विसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत उद्‌भवलेल्या प्रकारात ही स्थिती उलट झाली. येथे निदर्शक मूठभर होते, राज्यसत्ता व लोकमत त्यांच्या विरुद्ध होते आणि त्यांचा एकमेव आधार म्हणजे राज्यघटनेने सर्वांना दिलेले भाषणस्वातंत्र्य हा होता.

वेस्टबरो बॅप्टिस्ट चर्च : टोपीकामधील एका बॅप्टिस्ट चर्चची शाखा म्हणून १९५५ मध्ये याची सुरुवात झाली. थोड्याच काळात ते स्वतंत्र झाले आणि फ्रेड फेल्प्स (१९२९–२०१४) हा त्याचा सर्वाधिकारी धर्मोपदेशक बनला. त्याचा जन्म मिसिसिपी राज्यातील मेरिडियन येथे झाला. नाव बॅप्टिस्ट असले, तरी कोणत्याही बॅप्टिस्ट महासंघाशी या चर्चचा संबंध नव्हता. प्रमुख बॅप्टिस्ट संघटनांनी त्याचा उघडपणे निषेध केला. सभासदांत फेल्प्सची मुले, सुना, जावई व नातवंडे यांचाच भरणा होता आणि त्यांची संख्या शंभराच्या आतच राहिली.

फेल्प्सच्या पूर्वायुष्यात एक विसंगती दिसते. व्यवसायाने तो वकील होता आणि १९६० व १९७० च्या दशकांत कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांचे अनेक दावे त्याने चालविले. त्याबद्दल कृष्णवर्णीयांच्या संघटनांकडून त्याचा गौरवही झाला होता. तथापि व्यावसायिक गैरवर्तनामुळे १९७९ मध्ये कॅनझस राज्याने त्याची सनद रद्द केली आणि १९८९ मध्ये त्याला संघीय न्यायालयांतील वकिलीही सोडावी लागली. त्याच्या मुलांपैकी अनेकांनी वकिलीचा पेशा पतकरला. कायद्याच्या या घरगुती ज्ञानाचा पुढील मोहिमेस मोठा उपयोग झाला.

पंथाची शिकवण जॉन कॅल्व्हिनच्या पूर्वनियतिवादाचे एक टोकाचे रूप होती. ईश्वराने काही थोड्यांना उद्धारासाठी निवडलेले असून बाकीच्यांचा तो द्वेष करतो, प्रत्येक आपत्ती ही ईश्वराने बुद्ध्या दिलेली शिक्षा असते आणि समलिंगी संबंधांना सहन करणारा समाज त्या शिक्षेस पात्र ठरतो, असे हा पंथ मानीत असे. लोकांचे मन वळविणे हा निदर्शनांचा हेतू असल्याचा दावाही पंथाने केला नाही. इशारा देणे एवढेच आपले कर्तव्य असून ऐकणाऱ्याचे भवितव्य ईश्वराने आधीच ठरविलेले आहे, असे त्याचे म्हणणे असे. परिणामी लोकांचा संताप हा अपयशाचा नव्हे, तर आपल्या सत्यतेचा पुरावा ठरू लागला. निषेधाने निदर्शक नाउमेद का होत नाहीत, या कोड्याचे उत्तर या मतप्रणालीत सापडते.

मोहिमेचा विस्तार : टोपीकामधील गेज पार्क या उद्यानात समलिंगी पुरुष एकत्र येतात, अशी तक्रार करून १९९१ मध्ये पंथाने दैनंदिन निदर्शने सुरू केली. अल्पावधीतच एड्सने मृत्युमुखी पडलेल्यांच्या अंत्यविधींकडे निदर्शकांचा मोर्चा वळला. या रोगाने मरणाऱ्यांच्या कुटुंबांना त्या काळी सामाजिक कलंकाचे भय आधीच सोसावे लागत असे. त्यात दफनाच्या वेळी रस्त्यावर फलक झळकू लागले.

देशव्यापी प्रसिद्धी मिळाली ती ऑक्टोबर १९९८ मध्ये. वायोमिंग राज्यातील लॅरमी येथे मॅथ्यू शेपर्ड या एकवीस वर्षांच्या समलिंगी विद्यार्थ्यास मरणप्राय मारहाण करून कुंपणाला बांधून ठेवण्यात आले होते. काही दिवसांनी त्याचा मृत्यू झाला. कॅस्पर येथील त्याच्या अंत्यविधीस फेल्प्स व त्याचे अनुयायी फलक घेऊन उभे राहिले. मृत तरुण नरकात गेला आहे, अशा अर्थाचा मजकूर त्या फलकांवर होता. पुढे द्वेषमूलक गुन्ह्यांविषयी २००९ मध्ये झालेल्या संघीय कायद्यास शेपर्डचे नाव देण्यात आले.

सन २००५ पासून मोहिमेने नवे वळण घेतले. इराक व अफगाणिस्तानातील युद्धांत मरण पावलेल्या सैनिकांच्या अंत्यविधींना निदर्शक जाऊ लागले. हे सैनिक समलिंगी होते, असा त्यांचा आरोप नव्हता. पापी राष्ट्रासाठी लढणाऱ्यांचा मृत्यू हा ईश्वरी कोप असून त्याबद्दल ईश्वराचे आभार मानले पाहिजेत, असे त्यांचे प्रतिपादन होते. तोपर्यंत या प्रकाराकडे एका अल्पसंख्य समाजाचे दुःख म्हणून पाहणारे अनेक नागरिक आता प्रथमच खवळून उठले. सार्वत्रिक क्षोभ व वेगवान कायदेनिर्मिती सैनिकांच्या अंत्यविधींनंतर झाली, त्याआधीच्या चौदा वर्षांत तुलनेने फारच थोडी हालचाल झाली, ही गोष्ट या इतिहासात नोंदविण्याजोगी आहे.

निदर्शनांची कार्यपद्धती ठराविक होती. वृत्तपत्रांतील मृत्युवार्ता पाहून स्थळ निश्चित केले जाई. प्रसिद्धिपत्रक काढून पोलिसांना आगाऊ सूचना दिली जाई आणि पोलीस दाखवतील त्या जागी निदर्शक उभे राहत. त्यांत लहान मुलेही असत. सुमारे अर्धा तास भडक रंगांचे फलक धरून व धर्मगीते म्हणून, अंत्यविधी सुरू होण्याच्या सुमारास ते निघून जात. कायद्याची मर्यादा न ओलांडण्याची दक्षता ते काटेकोरपणे घेत. कोणी त्यांच्यावर हात उगारला किंवा अधिकाऱ्यांनी बेकायदा अटकाव केला, तर ते न्यायालयात जात. नागरी हक्कांच्या दाव्यांत जिंकणाऱ्या पक्षास वकिलीचा खर्च देववण्याची तरतूद १९७६ च्या संघीय कायद्यात आहे, तिचा लाभही त्यांना काही वेळा मिळाला.

कायदेशीर उपाय : कॅनझस राज्याने १९९२ मध्ये अंत्यविधीजवळील निदर्शनांवर निर्बंध घालणारा कायदा केला. २००५ नंतर इतर राज्यांनी त्याचे अनुकरण केले. संघीय पातळीवर राष्ट्रीय दफनभूमींविषयीचा कायदा २९ मे २००६ रोजी राष्ट्राध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांच्या स्वाक्षरीने अंमलात आला. प्रतिनिधिगृहात तो ४०८ विरुद्ध ३ मतांनी संमत झाला होता. राष्ट्रीय दफनभूमीच्या प्रवेशद्वारापासून ३०० फुटांच्या (सु. ९१ मी.) आत, अंत्यविधीपूर्वी एक तासापासून नंतर एक तासापर्यंत निदर्शने करण्यास त्याने मनाई केली. ऑगस्ट २०१२ मध्ये राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांच्या कारकीर्दीत झालेल्या कायद्याने ही कालमर्यादा दोन तासांची करण्यात आली व अंतराच्या तरतुदी अधिक कडक करण्यात आल्या. २०११ पर्यंत ४४ राज्यांत या ना त्या स्वरूपाचे कायदे झालेले होते.

हे कायदे करताना विधिमंडळांपुढे मोठी अडचण होती. अमेरिकन राज्यघटनेच्या पहिल्या दुरुस्तीनुसार, एखादे मत घृणास्पद आहे म्हणून शासन त्यावर बंदी घालू शकत नाही. मात्र मजकुराचा विचार न करता भाषणाचा काळ, स्थळ व रीत यांवर वाजवी निर्बंध घालता येतात. फ्रिस्बी विरुद्ध शुल्ट्झ (१९८८) या खटल्यात, एखाद्याच्या राहत्या घरापुढेच निदर्शने करण्यास बंदी घालणारा स्थानिक नियम सर्वोच्च न्यायालयाने याच तत्त्वावर वैध ठरविला होता. घरात बसलेल्या माणसास नको असलेले भाषण टाळण्यास जागा उरत नाही, हे त्यामागील कारण होते. शोक करणारे कुटुंबही अशाच नाइलाजाच्या स्थितीत असते, असा युक्तिवाद अंत्यविधि-कायद्यांच्या समर्थनार्थ करण्यात आला. ओहायओ राज्याचा ३०० फुटांचा निर्बंध संघीय अपील न्यायालयाने २००८ मध्ये मान्य केला; परंतु त्याच प्रकरणात, चालत्या अंत्ययात्रेभोवतीही निषिद्ध क्षेत्र मानणारी तरतूद खालच्या न्यायालयाने रद्द ठरविली होती. यात्रा कोणत्या क्षणी कोठे असेल, हे रस्त्यावर उभ्या असलेल्या माणसाला कळणे कठीण, हा तिच्यातील दोष होता. मिझूरी राज्यातील मँचेस्टर शहराचा तशाच स्वरूपाचा नियम दुसऱ्या एका अपील न्यायालयाने २०१२ मध्ये वैध ठरविला.

स्नायडर विरुद्ध फेल्प्स : ३ मार्च २००६ रोजी इराकमध्ये मरण पावलेल्या एका तरुण मरीन सैनिकाचा अंत्यविधी मेरिलँड राज्यातील वेस्टमिन्स्टर येथील कॅथलिक चर्चमध्ये १० मार्च रोजी झाला. फेल्प्स, त्याच्या दोन मुली व चार नातवंडे असे सात जण निदर्शनासाठी आले. ते चर्चपासून सु. १,००० फुटांवर (सु. ३०५ मी.), सार्वजनिक जागेत, पोलिसांनी नेमून दिलेल्या ठिकाणी उभे होते. अंत्ययात्रा त्यांच्यापासून २०० ते ३०० फुटांवरून गेली. मृताच्या पित्याला वाटेत फलकांचे केवळ वरचे टोक दिसले. त्यांवरील मजकूर त्याने त्या रात्री दूरचित्रवाणीच्या वार्तापत्रात पाहिला. त्या वेळी मेरिलँडमध्ये अंत्यविधि-निदर्शनांविषयी कायदा नव्हता.

पित्याने मानसिक क्लेश दिल्याबद्दल, एकांताचा भंग केल्याबद्दल आणि तत्संबंधी कट केल्याबद्दल अपकृत्य कायद्याखाली नुकसानभरपाईचा दावा केला. २००७ मध्ये ज्यूरीने त्याच्या बाजूने निर्णय देऊन २९ लक्ष डॉलर भरपाई व ८० लक्ष डॉलर दंडात्मक भरपाई, अशी एकूण १ कोटी ९ लक्ष डॉलरची रक्कम ठरविली. न्यायाधीशांनी दंडात्मक रक्कम २१ लक्षांवर आणली. २००९ मध्ये अपील न्यायालयाने हा निर्णय पूर्णपणे फिरविला. त्यानंतर प्रतिपक्षाच्या अपिलाचा १६,५१० डॉलर खर्च देण्याचा आदेश पित्यास झाला, तेव्हा देशभर संतापाची लाट उसळली आणि अनेकांनी त्याला आर्थिक साहाय्य देऊ केले.

सर्वोच्च न्यायालयात पित्याच्या बाजूने ४८ राज्यांनी व दोन्ही प्रमुख पक्षांच्या नेत्यांसह ४२ सिनेटरांनी निवेदने सादर केली. उलट नागरी स्वातंत्र्याचा पुरस्कार करणाऱ्या संघटनांनी, निदर्शकांच्या मतांचा तीव्र निषेध करूनही, त्यांच्या हक्काची बाजू घेतली. फेल्प्सच्या बाजूने त्याच्याच मुलीने युक्तिवाद केला. २ मार्च २०११ रोजी न्यायालयाने ८ विरुद्ध १ अशा बहुमताने निदर्शकांच्या बाजूने निर्णय दिला. सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्‌स यांनी लिहिलेल्या निकालपत्रात तीन गोष्टींवर भर होता. फलकांवरील मजकूर बव्हंशी राष्ट्राचे नैतिक आचरण, सैन्यातील समलिंगी व्यक्ती, कॅथलिक धर्मगुरूंविषयीची प्रकरणे अशा सार्वजनिक प्रश्नांशी निगडित होता. निदर्शक सार्वजनिक जागेत कायदेशीरपणे उभे होते. त्यांनी अंत्यविधीत प्रत्यक्ष व्यत्यय आणला नाही. अशा भाषणामुळे दुःख झाले, एवढ्यावरून वक्त्यास दंड करण्याची मुभा दिली, तर ज्यूरीला न आवडणारे कोणतेही मत दंडनीय ठरू शकेल, असे न्यायालयाचे मत पडले. चर्चने सु. वीस वर्षांत जवळजवळ ६०० अंत्यविधींच्या वेळी निदर्शने केल्याची नोंदही निकालपत्रात आढळते.

न्यायमूर्ती सॅम्युएल ॲलिटो यांनी एकट्यांनी भिन्न मत नोंदविले. सार्वजनिक प्रश्नांवर बोलण्यासाठी देशात असंख्य जागा उपलब्ध असताना, एका खाजगी कुटुंबावर त्याच्या सर्वांत हळव्या क्षणी शाब्दिक हल्ला करणे हा मुक्त चर्चेचा आवश्यक भाग नव्हे, असे त्यांचे म्हणणे होते. प्रसिद्धी मिळविण्यासाठी असा हल्ला मुद्दाम केला जातो, याकडेही त्यांनी लक्ष वेधले. निकालाचे समर्थन करणाऱ्या अनेक अभ्यासकांनीही या भिन्नमतातील वेदना मान्य केली आहे. निकालाने अंत्यविधि-निदर्शनांवरील राज्यांचे कायदे रद्द झाले नाहीत. त्यांच्या वैधतेचा प्रश्न या खटल्यात उपस्थितच झाला नव्हता, हेही लक्षात घेणे अवश्य आहे.

लोकांचा प्रतिसाद : कायद्याची मर्यादा स्पष्ट होत असतानाच, किंबहुना तिच्या आधीपासून, नागरिकांनी स्वतःचे मार्ग शोधले. शेपर्डच्या मारेकऱ्यांपैकी एकावरील खटला एप्रिल १९९९ मध्ये लॅरमी येथे सुरू व्हावयाचा होता. त्या वेळी मृताची मैत्रीण रोमेन पॅटर्सन हिने मित्रमंडळींच्या साहाय्याने देवदूतांचा वेष तयार केला. नळ्यांच्या सांगाड्यावर पांढरी चादर ताणून केलेले प्रचंड पंख पाठीवर लावून ही मंडळी निदर्शकांभोवती मूकपणे उभी राहिली. फलक पंखांआड झाकले गेले. घोषणेस घोषणेने उत्तर न देता तिला केवळ दृष्टिआड करण्याची ही कल्पना पुढे ठिकठिकाणी उचलली गेली. द लॅरमी प्रॉजेक्ट (२०००) या नाटकामुळे तिची माहिती सर्वत्र पोहोचली. जानेवारी २०११ मध्ये ॲरिझोना राज्यातील टूसॉन येथील गोळीबारात मरण पावलेल्या नऊ वर्षांच्या मुलीच्या अंत्यविधीसाठी आणि जून २०१६ मध्ये फ्लॉरिडातील ऑरलँडो येथील हत्याकांडानंतर असे पंख पुन्हा तयार करण्यात आले. टूसॉनच्या वेळी राज्य विधिमंडळाने एका दिवसात ३०० फुटांचा कायदा केला. शेवटी रेडिओवर बोलण्यास वेळ मिळाल्याच्या मोबदल्यात निदर्शकांनी आपला बेत सोडून दिला.

सैनिकांच्या अंत्यविधींसाठी ‘पेट्रिअट गार्ड रायडर्स’ ही मोटरसायकलस्वारांची संघटना २००५ मध्ये कॅनझसमध्येच स्थापन झाली. तिच्यात माजी सैनिकांचा मोठा भरणा होता. मृताच्या कुटुंबाने निमंत्रण दिले तरच जावयाचे, निदर्शकांशी वाद वा धक्काबुक्की करावयाची नाही, त्यांच्याकडे पाठ करून राष्ट्रध्वजांची रांग धरावयाची आणि आवश्यक तर इंजिनांच्या आवाजात घोषणा बुडवून टाकावयाच्या, अशी तिची शिस्त होती. थोड्याच काळात तिच्या शाखा देशभर पसरल्या आणि निदर्शने नसलेल्या अंत्यविधींनाही मानवंदनेसाठी ती उपस्थित राहू लागली. जुलै २०१२ मध्ये टेक्सास ए अँड एम विद्यापीठाच्या शेकडो आजी-माजी विद्यार्थ्यांनी, एका सेनाधिकाऱ्याच्या अंत्यविधीच्या वेळी, विद्यापीठाच्या तपकिरी-लाल रंगाचे सदरे घालून चर्चभोवती मानवी भिंत उभारली. त्या दिवशी निदर्शक आलेच नाहीत.

अन्य काही मार्गही उल्लेखनीय आहेत. काही गटांनी, निदर्शने जितकी मिनिटे चालतील तितक्या पटीने निदर्शकांना अप्रिय असलेल्या कार्यास देणगी देण्याचा संकल्प सोडला. त्यामुळे निदर्शक जितका वेळ उभे राहत, तितकी विरोधी कार्यास मदत होई. मार्च २०१३ मध्ये एका सेवाभावी संस्थेने टोपीकामध्ये चर्चच्या समोरचेच घर विकत घेऊन ते इंद्रधनुष्याच्या रंगांनी रंगविले. अनेक वृत्तपत्रांच्या संपादकांनी निदर्शनांना प्रसिद्धी न देण्याचे धोरण स्वीकारले. प्रसिद्धीच ज्याचे अन्न आहे, त्या चळवळीची ही उपासमार होती. परंतु एखाद्या गावी प्रथमच असा प्रसंग ओढवला, की त्याची बातमी टाळणे तेथील पत्रांना अवघड जाई. क्षोभाच्या भरात निदर्शकांवर हल्ले झाल्याची उदाहरणेही घडली. अशा प्रसंगी निदर्शकांना सहानुभूती मिळाली नाही, तरी दावा करण्याची संधी मात्र मिळाली.

काही देशांनी निदर्शकांना प्रवेशच नाकारला. ऑगस्ट २००८ मध्ये विनिपेग येथील एका अंत्यविधीस जाणाऱ्या निदर्शकांना सीमेवर अडविण्याचे आदेश कॅनडाने दिले. फेब्रुवारी २००९ मध्ये ब्रिटनने फेल्प्स व त्याची मुलगी शर्ली यांना देशात येण्यास बंदी केली.

भारतीय कायदा : भारतात या प्रश्नाकडे पाहण्याची कायद्याची दृष्टी मुळातच निराळी आहे. १८६० च्या भारतीय दंड संहितेतील कलम २९७ अन्वये, दुसऱ्याच्या भावना दुखविण्याच्या वा धर्माचा अपमान करण्याच्या हेतूने, किंवा तसे घडण्याचा संभव आहे हे माहीत असून, दफनस्थानात अतिक्रमण करणे, मृतदेहाची अप्रतिष्ठा करणे किंवा अंत्यविधीसाठी जमलेल्यांना उपद्रव देणे हा एक वर्षापर्यंतच्या कैदेस पात्र असा गुन्हा होता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत हीच तरतूद कलम ३०१ मध्ये आली आहे. अमेरिकन कायदा जागा व वेळ मोजतो, तर भारतीय कायदा हेतू व भावना विचारात घेतो. राज्यघटनेच्या एकोणिसाव्या अनुच्छेदातही सार्वजनिक सुव्यवस्था व सभ्यता यांसाठी भाषणस्वातंत्र्यावर वाजवी निर्बंध घालण्याची स्पष्ट तरतूद आहे. तसेच जीविताच्या हक्कातील प्रतिष्ठेचा अंश मृतदेहालाही लागू पडतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये मान्य केले.

तथापि कायद्याची ही अनुकूलता पुरेशी ठरतेच असे नाही. भारतात प्रश्न बहुधा फलकांचा नसून स्थळाचा असतो. जात वा धर्म यांच्या कारणाने स्मशानात वा दफनभूमीत जागा नाकारली जाते. छत्तीसगढमधील एका ख्रिस्ती धर्मोपदेशकाचे शव गावात पुरण्यास ग्रामस्थांचा विरोध झाल्याने ते सु. तीन आठवडे शवागारात राहिले. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींत दफनाच्या जागेविषयी मतभेद झाला आणि अखेर दुसऱ्या गावच्या ख्रिस्ती दफनभूमीत अंत्यविधी करण्याचा आदेश उभयतांनी दिला. अमेरिकेत मूठभरांनी बहुसंख्यांच्या शोकात आणलेला उपद्रव आणि येथे बहुसंख्यांनी एका कुटुंबास केलेली मनाई, यांची जात एक नसली, तरी दोहोंत मृताच्या निरोपालाच वादाचे रणांगण केले जाते.

मूल्यमापन : फ्रेड फेल्प्स १९ मार्च २०१४ रोजी मरण पावला. पंथाने त्याचा सार्वजनिक अंत्यविधी केला नाही. त्यानंतरच्या पहिल्याच निदर्शनाच्या वेळी कॅनझस सिटी येथे काही विरोधक रस्त्याच्या दुसऱ्या बाजूस उभे राहिले. त्यांच्या हातातील फलकावर निदर्शकांच्या दुःखाबद्दल सहानुभूती व्यक्त केलेली होती. याच सुमारास पंथातील तरुण पिढीपैकी अनेक जण बाहेर पडले. त्यांपैकी फेल्प्सची नात मेगन फेल्प्स-रोपर ही लहानपणापासून निदर्शनांत भाग घेत असे. २०१२ मध्ये तिने पंथ सोडला. आपल्याशी शिवीगाळ न करता, प्रश्न विचारीत राहिलेल्या काही परक्या माणसांच्या संवादामुळे आपल्या मनातील श्रद्धेस प्रथम तडा गेला, असे तिने नंतरच्या लेखनातून सांगितले आहे.

या मोहिमेने आपल्या घोषित उद्दिष्टांपैकी काय साधले, हे पाहू गेल्यास निष्कर्ष उलटा निघतो. १९९१ नंतरच्या पंचवीस वर्षांत अमेरिकेत समलिंगी व्यक्तींविषयीचे लोकमत झपाट्याने अनुकूल झाले आणि २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहास देशभर मान्यता दिली. या बदलाची कारणे अनेक आहेत. परंतु द्वेषाचे नग्न रूप अंत्यविधीच्या दारात पाहिल्यामुळे अनेक तटस्थ नागरिकांस आपली बाजू ठरविणे भाग पडले, असे काही निरीक्षकांचे मत आहे.

कायद्याने काय करावे, याविषयी मतभेद आजही आहेत. अंतर व वेळ यांची बंधने घालून कायद्याने कुटुंबास थोडी शांतता मिळवून दिली. मात्र रस्त्याच्या पलीकडे उभ्या असलेल्या फलकावरील शब्द त्यास पुसता आले नाहीत, आणि बहुमताने ज्याची भीती व्यक्त केली ती पाहता पुसू देणेही धोक्याचे ठरले असते. ती उणीव भरून काढली ती पंख लावून, पाठ फिरवून किंवा हातात हात गुंफून मुकाट्याने उभ्या राहिलेल्या लोकांनी. त्यांनी कोणाचाही हक्क हिरावून घेतला नाही आणि एकाही शोकाकुल कुटुंबास एकटे पडू दिले नाही. भाषणस्वातंत्र्याची किंमत काही वेळा सर्वांत दुबळ्या क्षणी असलेल्या माणसास मोजावी लागते. ती सर्वांनी वाटून घेतली तरच ते स्वातंत्र्य समाजाला पेलते, हा या इतिहासाचा मुख्य बोध होय.